झुलालनाना पाणी मोजतात

“नववा! रमण, नववा तांब्या शे तो! बस कर!”

मी मोरीत उभा. डोळ्यांत साबण, अंगभर फेस, तांब्या डोक्यावर धरलेला. ओतावा तर पंचाईत, न ओतावा तर डोळ्यांची आग. भिंतीपलीकडून पुन्हा गर्जना झाली, “वरच धरी ठेयेल शे ना? ठेव खाली! कोना वाटानं पानी शे हाई?”

मी तांब्या खाली ठेवला आणि साबण टॉवेलाने पुसला. त्याच दिवशी शहाद्याच्या बाजारात उन्हात फिरताना मला घाम आला, आणि घामाबरोबर फेस. लोक रस्ता सोडून बाजूला झाले. समोरून येणाऱ्या एका बैलाने मान खाली घातली. हे मी सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात. हसा. तुमच्या मोरीची भिंत झुलालनानांच्या घराला लागून नाही.

ती भिंत दीड हात जाडीची आहे. तिला भोक नाही, फट नाही. मी तीनदा तपासली. नाना फक्त कानाने मोजतात. तांब्या पितळेचा की स्टीलचा, काठोकाठ भरला की अर्धा, डोक्यावर ओतला की पाठीवर, हे त्यांना आपल्या ओट्यावर बसून कळतं. माझी बायको भिंतीच्या कडेने बोटावरून धार सोडून न्हायला शिकली. आमचे जावई सासुरवाडीला आले की आंघोळ टाळून अत्तर लावतात. पलीकडच्या गल्लीतल्या बायका भांडी विसळताना मोठमोठ्याने गाणी म्हणू लागल्या, पाण्याचा आवाज बुडावा म्हणून. नवख्या पाहुण्याला वाटायचं, काय आनंदी गाव आहे! आनंद कसला, नुसती दहशत.

आमचं गाव शहाद्याहून तापीकडे उतरताना गोमाईच्या काठावर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे माझी अब्रू जायची आहे. गोमाई सातपुड्यातून उतरते, आमच्या दारावरून जाते आणि प्रकाशाला तापीला मिळते. म्हणजे मिळायची. आता ती श्रावणात मिळते, दिवाळीपर्यंत कशीबशी रेंगाळते, आणि मग तिच्या पात्रात क्रिकेटचे सामने होतात.

नानांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं ही नदी वाचली. वाचली म्हणजे खरोखर वाचली. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले आहेत. रोज सकाळी आठला पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही नवरदेव बाशिंग बांधून आधी पुलावर गेला, मग मांडवात. वऱ्हाड पुलावर ताटकळलं, बँडवाल्यांनी एक गाणं जास्तीचं वाजवलं. पुढे नोकरी संपली, आणि दोनतीन वर्षांत नदीनेही रजा टाकली. आकडे कोरडे पडले. तीस वर्षं वाचणाऱ्या माणसासमोरून पुस्तक काढून घेतलं तर तो काय करेल? नाना शेजाऱ्यांना वाचायला लागले.

अंगाने नाना तुरीच्या वाळल्या काडीसारखे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर गाठी मारलेला दोर, काखेत लांबट वही. कान असे की हत्तीच्या पिल्लाने ओशाळावं. वारा सुटला की नाना टोपी नाही धरत, कान धरतात.

त्या वहीत अख्ख्या गोमाईच्या खोऱ्याचं पाणी होतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या संगमापर्यंत नाना काठाकाठाने पायी हिंडले होते आणि प्रत्येक गावात दारोदार एकच प्रश्न विचारला होता, “तुमले रोज कितलं पानी लागस?” सरकारी कागदावर पाण्याच्या वापराचे चार रकाने असतात : माणसं, जनावरं, शेती, कारखाने. नानांच्या वहीत एकतीस होते. म्हशींच्या पिण्याचा वेगळा, म्हशींच्या लोळण्याचा वेगळा. वीटभट्टी, चहाची टपरी, लग्नाचा मांडव, नवरदेवाचं घोडं, दारापुढचा सडा. भांडणात एकमेकींवर फेकलेल्या पाण्यालाही रकाना होता, आणि आमच्या गल्लीपुरता तो चांगला भरलेला होता. ‘डोळ्यांतलं पाणी’ असाही एक रकाना मी पाहिला. तो कोरा होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “कोनी खरं सांगत नही.”

दुपारी जेवणाच्या वेळी नाना दारात उभे राहिले की घरातल्यांचा घास घशात अडायचा. तो उतरवायला पाणी प्यावं, तर नाना समोर. ते ताटात डोकावायचे. ताटात भाकरी असली तर मान हलवायचे. भात असला तर दोन पावलं मागे सरायचे. “भात खास तू? हिंमतवाला शे बापा. तो भात उगाले कितला हंडा पानी लागनं, माहीत शे का?” त्यांचं माप हंड्याचं. लिटर वगैरे ते मानत नसत. म्हणायचे, लिटर कोणी डोक्यावर वाहिलंय का? माझ्या धाकट्या भावाने भात सोडला तो सोडलाच. आम्ही ‘नाना, पाणी घ्या’ म्हटलं की ते बंडीच्या खिशातून आपली बाटली काढायचे. दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस आमच्याकडे एक तर वैरी असतो नाही तर भूत. नाना दोन्ही नव्हते, म्हणून जास्त भीती वाटायची.

घरी ते एकटेच. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. नातू झाला तेव्हा काकू महिनाभरासाठी म्हणून गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. तिथे चोवीस तास नळ आहे आणि तांबे मोजणारं कोणी नाही, असं काकू माझ्या बायकोला फोनवर सांगतात. नानाही दर रविवारी ओट्यावर बसून सुरतेला फोन लावतात. तब्येत, नातू, सण, काही विचारत नाहीत. “पानी येस का? दाब बरा शे ना? बरं.” फोन बंद. मग बराच वेळ फोन हातातच असतो.

आता माझ्या अब्रूचं.

गावविहिरीच्या आसपास कोणी नवी बोअर पाडायची नाही, असा आमच्या ग्रामसभेचा ठराव आहे. गाव त्याच विहिरीचं पाणी पितं. नळाच्या टाकीतही पाणी तिच्यातूनच चढतं. त्या ठरावाचा सूचक मी होतो. भाषण इतकं जोरात केलं होतं की लिंबावरचे बगळे उडाले आणि परत आले नाहीत. आणि यंदा मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गाव लोटलेलं असताना, नाना सुरतेला गेलेले असताना, मी विहिरीपासून दोनशे पावलांवर, माझ्या गोठ्यामागे, बोअर पाडली. केळीची बाग उभी होती. शेतातल्या दोन्ही बोअरना घरघर लागली होती. बाकी कारण काही नाही. नाना चार दिवसांसाठी गेले होते, ते दुसऱ्याच दिवशी परतले, कारण सुरतेच्या बेसिनचा नळ ठिबकत होता आणि त्यांना झोप लागेना. पण तोवर मी बोअरच्या तोंडावर कपाशीच्या काड्यांचा ढीग रचला होता.

काड्यांनी बोअर झाकली गेली, मोटारीचा आवाज झाकणार कसा? आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की मी मोटार सुरू करायचो, ती थांबली की बंद. पण लोक दळून दळून किती दळणार? मग मीच दळण पाठवू लागलो. सकाळी बाजरी, दुपारी ज्वारी, संध्याकाळी पुन्हा बाजरी. आमच्या घरी त्या हंगामात पीठच पीठ झालं. पाहुणा आला की पीठ, गेला की पीठ. मांजर काळं होतं ते पांढरं झालं. बायकोने एकदा विचारलं, “घरमा माणसं चार, मग एवढं पीठ खातं कोण?” मी म्हटलं, महागाई वाढणार आहे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तीही दळायला पाठवली असती.

नाना रोज सकाळी गावविहिरीच्या जाळीचं झाकण उघडून दोर सोडायचे. टोकाला दगड, हातहात अंतरावर गाठी. दगड पाण्याला लागला की गाठी मोजायच्या. तो निळा नायलॉनचा दोर मीच त्यांना दिला होता; बोअरमध्ये मोटार सोडून उरलेला तुकडा. लाच म्हणा. नानांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, “चांगला शे.”

माघ संपता संपता नाना माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. दहशत त्यांची, घाबरणं आमचं, अशी वाटणी होती. त्या दिवशी त्यांचे ओठ सुकले होते.

“रमण, दोन गाठी जुयत नही.”

“म्हंजे?”

“गावनं पिनं, ढोरेसनं पिनं, मुरनं, उडनं, समदं धरं. तरी विहीर दोन गाठी जास्त उतरनी. कोठे गयं इतलं पानी?”

मी म्हटलं, ऊन फार आहे नाना. आणि ऊन होतंच. आमच्याकडे वैशाखात कावळे चालत फिरतात. पण माघात नाही.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी सगळं गाव नव्याने मोजायला घेतलं. चूक आपल्याच वहीत असेल, असं ते ज्याला त्याला सांगत होते. म्हशीसमोर बादली ठेवून ते तिचे घोट मोजत बसले. चिमण्यांचं पाणी मोजलं. देवळातल्या पिंडीवरची धार मोजली. गाव त्यांना येताना पाहून दारं लावू लागलं. प्रत्येकाला वाटत होतं, ते पाणी आपल्याकडेच सापडेल. आमच्या गावात पाण्याच्या बाबतीत निर्मळ माणूस एकच, आणि तो दारोदार स्वतःची चूक शोधत होता.

त्याच सुमारास जिल्ह्यावरून मॅडम आल्या. गोमाईच्या खोऱ्यात कोण किती पाणी वापरतं याचा अंदाज काढायचं काम त्यांच्याकडे होतं. तरुण होत्या, हातात टॅब होता, डोक्याला ओढणी. नानांना तर देव भेटला. त्यांनी एकतीस रकाने दाखवले. मॅडम हसल्या नाहीत. दोघं शिवार फिरू लागली आणि शेजारी म्हणून मला बरोबर घेतलं. मी नको कसं म्हणणार? नको म्हणणाऱ्याच्या गोठ्यामागे आधी बघतात.

माझ्या केळीच्या बागेशी नाना थांबले. मॅडमना समजावू लागले, “आंघोयनं पानी मोरीमातून जमिनमा परत जास. केयीनं पानी पानपानमातून हवामा उडी जास. ते आपला गावले परत येत नही. एक पानी वापरेल, दुसरं पानी खायेल.”

मॅडम म्हणाल्या, “अगदी बरोबर. मग नाना, तुम्ही यांच्या आंघोळीवर का ओरडता? त्यात असं कितीसं पाणी जातं?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. “आंघोय ऐकू येस, मॅडम. केयी ऐकू येत नही.”

माझ्या तोंडावर जो शब्द आला तो मराठीत नाही. अहिराणीत आहे, पण तो छापता येत नाही.

फाल्गुनात विहिरीने एकेक वस्तू परत द्यायला सुरुवात केली. आधी माझ्या चुलतीचा पितळी गडवा दिसला, नवी नवरी असताना पडलेला. मग शाळेची घंटा. मग एक गंजलेली बादली, जिच्यावरून दोन सख्खे भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते, कारण दोघांना वाटत होतं ती दुसऱ्याने चोरली. गाव जाळीवर वाकून वाकून हसलं. आणि मग हसणारे एकेक करून गप्प झाले. वस्तूंच्या खाली आता खडक दिसत होता. काळा, ओला, पाठ वर काढून बसलेल्या जनावरासारखा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, हा आपण कधी पाहिला नाही. त्या दिवशी गल्लीत कोणी गाणं म्हटलं नाही. मीही मोटार लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली. केळीला घड लागले होते.

या विहिरीवर गावाशिवाय आणखीही कोणी पाणी भरत होतं. नदीकाठी ऊसतोड मजुरांची पालं होती, वीसबावीस. तोरणमाळकडच्या डोंगरातली पावरा आदिवासी कुटुंबं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ती खाली उतरतात, होळीला वर जाऊन येतात, हंगाम संपला की निघून जातात. त्यांनी नदीच्या वाळूत खोदलेला झिरा आटला तशा त्यांच्या बायका विहिरीवर येऊ लागल्या. त्यांच्यात जेरमाबाई म्हणून एक होती, कडेवर मूल आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन ती अशी चालायची की पाण्याचा थेंब हलायचा नाही. गल्लीत नाना फक्त तिलाच नमस्कार करायचे. सांडत नाही म्हणून.

चैत्रात ग्रामसभा भरली, सकाळी, शाळेपुढच्या लिंबाखाली. मॅडमनी आमच्या गावापुरता अंदाज वाचून दाखवला. माणसं इतकी, जनावरं इतकी, पिकं इतकी. आणि शेवटी म्हणाल्या, “नानांच्या मोजणीप्रमाणे विहिरीतून याहून बरंच जास्त पाणी जातंय. हा नोंद नसलेला वापर आहे. तो गावाने शोधायला हवा.” त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. जीप धुरळा उडवत गेली.

माझ्या बनियनमधून घाम पाटासारखा वाहत होता. नानांनी मोजला असता तर बत्तिसावा रकाना झाला असता. प्रत्येक जण आपल्या पायांकडे बघत होता. तेवढ्यात सरपंच भटूभाऊ उठला. भटूभाऊ माणूस वाईट नाही, पण त्याला उत्तर पटकन सापडतं.

“नोंद कोनी नही? पालवालासनी! त्यासनं नाव आपली यादीमा शे का?”

नव्हतं. वर डोंगरात मोजणी होते तेव्हा ते खाली असतात, आणि खाली मोजणी होते तेव्हा ते वरचे असतात. कुठल्याच कागदावर त्यांना तहान लागत नाही.

नाना ताडकन उठले. “भटू, त्यासनं पानी मी मोजेल शे! एकतिसावा रकाना शे! ते धरीसनच दोन गाठी जास्त शेतस!”

“नाना, तुमनी वहीले सरकार मानत नही. मॅडमना कागदमा शेतस का त्या?”

“कागदमा नही, पन विहिरमा...”

“मंग बठा खाली.”

ठराव झाला. विहिरीच्या झाकणाला आत्ताच कुलूप, किल्ली पंचायतीकडे, पालवाल्यांनी आपली सोय बघावी. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात वर गेला तो माझा. सांगितलं ना, अब्रू जायची आहे. दुसरा, तिसरा, सगळे. सभेवरून असा सुस्कारा गेला की लिंब हलला. चोर सापडला होता आणि तो आपल्यातला नव्हता. लोक मोकळेपणाने बोलू लागले, कोणीतरी चहा सांगितला.

नाना उभेच होते. तीस वर्षं नदीचे आकडे लिहिले, ते कोणी वाचले की नाही त्यांना माहीत नाही. गावाने त्यांचा आकडा पहिल्यांदाच खरा मानला होता.

दुपारी बाराच्या उन्हात मी घरी निघालो तर विहिरीवर बायका उभ्या होत्या. दहाबारा रिकामे हंडे जाळीवर मांडलेले. जेरमाबाई कुलूप हातात धरून बघत होती. लोखंड तापलेलं असणार, पण तिने सोडलं नाही.

“कुलूप कोणी लावलं, दादा?” तिने मला विचारलं.

मघाशी वर केलेला हात मी पाठीमागे नेला. तिच्या कडेवरचं मूल रडत नव्हतं, नुसतं तोंड उघडं टाकून मान टेकून होतं. मला वाटलं, हे का रडत नाही? आणि जे भय माघापासून माझ्यात बसलं होतं, सापडण्याचं, ते एकदम कुठल्या कुठे गेलं. त्या जागी दुसरं आलं. ते अजून गेलेलं नाही.

मागे नाना होते. त्यांनी हंड्यांकडे पाहिलं. मोजले नाहीत. नुसते वळले आणि लिंबाकडे जवळजवळ धावत गेले. मी मागोमाग. मला खात्री होती, आता माझं नाव. पण एका मनाने वाटत होतं, घ्या, घेऊन टाका एकदाचं.

लिंबाखाली पंधरावीस जण चहा पीत होते. नाना मधोमध जाऊन उभे राहिले.

“भटू, कुलूप काढ. मन्ही गफलत व्हयनी.”

“कसानी गफलत?”

“मोजानी. दोर मन्हा नवा व्हता, सनना. भिजीसन आखडना. गाठी जोडे जोडे उन्यात, म्हनीसन जास्त उतरन्यात. विहीर बरोबर शे. दोन गाठी कमी व्हयेलच नहीत.”

भटूभाऊने कप खाली ठेवला. मग कोणीतरी फुर्रकन हसलं, तोंडातला चहा उडाला.

“तीस वरिस नदी वाची, आनि नानाले दोर वाचता उना नही!”

“हाई पाय मन्ही म्हैसना घोट मोजत व्हता!”

“मन्ही आंघोयना तांब्या बी खोटाच मोजात का मंग नाना?”

गावाने इतक्या वर्षांची दहशत त्या पाच मिनिटांत हसून काढली. लोक मांड्या थोपटत होते, डोळे पुसत होते. नाना मान खाली घालून उभे. कोणी हाक मारून चिडवलं की “हां भो, चुकनू, चुकनू” एवढंच म्हणायचे. आणि मी त्यांच्या खांद्यावरच्या दोराकडे बघत होतो. कारण दोर सणाचा नव्हता. नायलॉनचा होता, निळा, मीच दिलेला. नायलॉन भिजला म्हणून कधी आखडतो का? पण तो पाहणार कोण? इतकी वर्षं नानांच्या खांद्यावर दोर होता आणि तो कशाचा आहे, हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं.

भटूभाऊने हसत हसत किल्ली फेकली. नानांनी ती झेलली नाही, मातीतून उचलली. बायकांनी हंडे भरले. नाना कुलूप हातात घेऊन शेवटचा हंडा जाईपर्यंत उभे होते.

घरी आलो ते सरळ गोठ्यामागे. काड्या उपसल्या. बायको धावत आली. बोअरचं तोंड बघून तिने कपाळाला हात लावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. पदर खोचला आणि पाइपाला हात घातला. दोघांनी मिळून मोटार वर ओढली तेव्हा हातांची सालं निघाली होती.

“पीठ पुरे आता,” ती म्हणाली.

पुढचे आठ दिवस भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी मुद्दाम वीस तांबे ओतले, एकेक दणदणीत. काही नाही. तुम्हाला सांगतो, त्या शांततेत आंघोळ करायला मी जितका घाबरलो तितका नानांच्या ओरडण्याला कधी घाबरलो नव्हतो. गल्लीत नानांना लोक “काय नाना, आखडना का दोर?” म्हणून विचारायचे. निम्मी केळी माना टाकून आडवी झाली. मी तिकडे फिरकलो नाही. पालं अजून नदीकाठी होती आणि विहिरीतला खडक पुन्हा पाण्याखाली गेला होता.

नवव्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. नाना दोर सोडून बसले होते. बायका अजून यायच्या होत्या. मी जाळीवर त्यांच्याशेजारी बसलो.

“नाना, ते दोन गाठी पानी मन्हं व्हतं. गोठामांगे बोअर पाडी व्हती मी. आते मोटार काढी टाकी.”

“माहीत शे.”

“कवयपासून?”

“सुरतहून उनू तवयपासून. तू सवता सांगशी म्हनीसन वाट देखत व्हतू.”

खाली दगड पाण्याला लागला. नाना दोर हळूहळू वर ओढू लागले.

“मंग मन्हं नाव का नही सांगं? समदा गावम्होरे सवतालेच का खोटं पाडं?”

नानांनी दोर पुरता गुंडाळला, दगड पुसला, वहीत आकडा लिहिला.

“तुन्हं नाव सांगतू ते गाव आठ दिन भांडतं,” ते म्हणाले. “त्या बायासले पानी दुपारले पायजे व्हतं.”